केबिनच्या दांडीवरची पिशवी

दांडीवरची पिशवी मी काढली होती. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, चौकशीला आलेल्या साहेबांपुढे नाही, आणि ज्यांची ती पिशवी होती त्यांच्यापुढे तर नाहीच. एकदा यार्डात शेजारच्या गाडीचा कॉम्प्रेसर सुरू असताना, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येणार नाही अशा बेतानं म्हणून पाहिलं होतं. तेवढंच.

मी लोकल गाड्यांच्या यार्डात नोकरी करतो. कुठलं यार्ड ते सांगत नाही, सांगून काही फरकही पडणार नाही. मी अंबरनाथ पूर्वेला राहतो आणि कामाची जागा आमच्याच बाजूला आहे, एवढं पुरे. लोकांना गाडी म्हणजे फलाटावर येणारी गाडी माहीत असते. सकाळची गर्दी संपली की त्यातल्या काही गाड्या जातात कुठे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्या आमच्याकडे येतात. दुपारभर एकीशेजारी एक उभ्या राहतात, दारं उघडी, पंखे बंद, आत कुणी नाही. झाडूवाल्या बायका एका टोकाने शिरतात आणि दुसऱ्या टोकाने छत्र्या, चपला, एखादं लहान मुलाचं दप्तर घेऊन बाहेर पडतात. रुळांमध्ये गवत वाढलेलं असतं. यार्डातली कुत्री कोचच्या सावलीत झोपतात आणि सावली सरकली की डोळे न उघडता सरकतात. चाकांना घासणाऱ्या ठोकळ्यांना आम्ही ब्रेक ब्लॉक म्हणतो. त्यांची काळी भुकटी सगळ्यावर बसलेली असते. घरी जाऊन साबण लावला तरी नाकात राहते.

त्या उभ्या गाड्यांखाली शिरून किरकोळ दुरुस्त्या करणं हे आमच्या टोळीचं काम. झिजलेला ब्लॉक बदलायचा, सैल पिन ठोकायची, लोंबकळणारं काही बांधून टाकायचं. गाडीखाली माणूस असला की दोन्ही टोकांना लाल पाटी लावायची आणि तशी वर्दी द्यायची, हा नियम. मोठ्या कामाला आम्ही तो पाळत होतो. पण एखादा ब्लॉक बदलायला पाटी आणायची म्हणजे सगळं यार्ड चालून ऑफिसात जायचं, साहेब जागेवर नसला तर थांबायचं, परत यायचं. तोवर गाडी निघायची वेळ व्हायची. मग आमच्यात एक रीत पडून गेली होती. कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं. मी लागलो त्याच्या आधीपासूनची.

गाडीखाली शिरण्याआधी आपली डब्याची पिशवी केबिनच्या दाराशेजारच्या दांडीला अडकवायची. यार्डातल्या यार्डात गाडी हलवणारा मोटरमन असतो, त्याला आम्ही शंटर म्हणतो. तो केबिनमध्ये चढताना ती दांडी धरूनच चढतो. हातात पिशवी आली की तो चढत नसे. खाली उभा राहून ओरडत असे, "कौन है रे नीचे? खाना खाने का नहीं क्या?" पिशवीचा मालक बाहेर आला, पिशवी काढली, मगच गाडी हलायची. दुसऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही. लाल पाटी आम्ही कितीदा टाळली असेल, पण पिशवीचा शब्द कुणी मोडला नव्हता. आपल्या जेवणाला माणूस विसरत नाही, अशी त्यातली साधी अक्कल.

ही रीत नव्या पोरांना शिकवायचे ते तात्या. आमच्या टोळीतले वयाने मोठे, चामटोलीचे, घरची थोडी शेती. त्यांना यार्डात सगळेच तात्या म्हणत, साहेबसुद्धा. मला ते भाऊ म्हणत, मी त्यांच्याहून लहान असूनही. मी कमी बोलतो, त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे, त्यामुळे आमचं जमलं. वाकून चाकांमधून आत शिरता शिरता ते मागे वळून म्हणायचे, "आधी पिशवी, मंग देव." रोज तेच, रोज तसंच. एकदा एक नवा मुलगा डबाच आणत नाही म्हणाला तर तात्यांनी त्याच्या हातात आपली मोकळी पिशवी दिली. "ही घे. नुस्ती लाव. तुजी आई करंल तवा भरून आन."

तात्यांचा डबा यार्डात प्रसिद्ध होता. त्यांची बायको, म्हणजे आमची वहिनी, वालाचं बिरडं करायची. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. बाजूच्या गाळ्यातले लोकसुद्धा वास आला की डोकावत. मी माझी पोळी-भाजी पुढे सरकवायचो आणि तात्या बिरडं माझ्याकडे सरकवायचे. "शेराची पोळी खातो आता," म्हणायचे, "गावाकडं सांगतो, आज शेरात जेवलो." माझ्या बायकोला कित्येक वर्षं वाटत होतं की तिची भाजी मला फार आवडते, कारण डबा लख्ख रिकामा येत असे.

जेवायच्या खोलीत एक कॉइलची शेगडी होती. ज्याचं काम आधी उरकेल त्याने शेगडी पेटवायची आणि सगळ्यांचे डबे गरम करून ठेवायचे, ही दुसरी रीत. एका रीतीत पिशवी बाहेर, दुसरीत डबा आत. दोन्ही रीती चांगल्या होत्या. त्या एकमेकींना भिडतील असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण दांडीवरचा डबा कुणी आत आणतच नसे.

त्या दुपारी माझं काम आधी उरकलं. मी हात पुसत खोलीकडे येत होतो. वाटेत तात्यांची गाडी. दांडीला त्यांची पिशवी, तांबड्या काठाची, वहिनीनं जुन्या लुगड्याची शिवलेली. तिकडे नळावर पाठमोरा एक माणूस वाकून तोंड धूत होता. निळा शर्ट, पांढरे केस. मी त्याला तात्या समजलो. काम झालंय, पिशवी तेवढी काढायची राहिली, असं मी स्वतःला सांगितलं. हाक मारून पाहिली नाही. वाकून गाडीखाली पाहिलं नाही. तीनेक पावलं पुढे जाऊन चेहरा पाहिला असता तरी कळलं असतं. भूक लागली होती. पिशवीतून वास येत होता. मी दांडीवरून पिशवी काढली आणि खोलीत नेली.

एवढंच केलं मी. याहून मोठं काही केलेलं नाही. कधीकधी वाटतं, मोठं काही केलं असतं तर सांगता आलं असतं. बिरड्यापायी हे झालं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी पिशवी बाकावर टाकली, डबा शेगडीवर ठेवला, झाकण उघडलं. तेवढ्यात भोंगा ऐकला. यार्डात भोंगे वाजतच असतात. बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला जागा हवी होती म्हणून ही गाडी पलीकडच्या लाइनीवर घ्यायचा निरोप आला होता. शंटर आला, दांडी मोकळी होती, चढला, भोंगा दिला आणि गाडी हलवली. पुरा एक कोचभरसुद्धा हलली नसेल. मग ओरडणं ऐकू आलं. माझ्या हातात झाकण होतं. ते मी नीट बाजूला ठेवलं, हे मला आठवतं. मग धावलो.

नळावर तोंड धुणारा माणूस दुसऱ्याच टोळीतला होता. तोही धावत होता. माझ्या पुढेच होता.

तात्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आधी त्यांना उल्हासनगरला नेलं आणि तिथून मोठ्या दवाखान्यात. त्यांना गाडीत घालून माणसं परत खोलीत आली तेव्हा शेगडी तशीच सुरू होती. कुणीतरी ती बंद केली. वर तात्यांचा डबा होता, पण जो आधी येतो तो सगळ्यांचे डबे गरम करतोच, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्यातला एक उल्हासनगरचा फिटर, तोंडाने फटकळ पण मनाने वाईट नाही, बाकाकडे पाहत उभा राहिला. बाकावर तांबड्या काठाची पिशवी.

"आयला," तो म्हणाला, "ही तर इथेच आहे. तात्या पिशवी लावायलाच विसरले."

शंटर भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. "मैंने देखा था, भाई. कसम से. डंडे पे कुछ नहीं था." सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही ठेवला. त्याचं खरं होतं. दांडीवर काही नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. रोज हेच म्हणतो. त्या वेळी डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर, डोक्यात काहीच नव्हतं. फक्त कुणी माझ्याकडे पाहत नाही, हे कळत होतं, आणि त्याने बरं वाटत होतं.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, लाल पाटी का लावली नव्हती. पिशवीबद्दल त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्या नियमात पिशवी नव्हतीच. कागदावर दोष तात्यांचा ठरला तो पाटीचा, आणि कागदावर तो बरोबरही होता. पण आम्हाला पाटीचं काही वाटत नव्हतं. पाटी आम्ही सगळेच लावत नव्हतो. आमच्या लेखी प्रश्न पिशवीचा होता, आणि त्याचा निकाल बाकाकडे बघूनच लागला होता.

तात्या शुद्धीवर येऊन बोलायला लागल्यावर आम्ही काही जण भेटायला गेलो. वहिनी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तात्यांचा आवाज बारीक झाला होता, पण बोलणं पहिल्यासारखंच.

"भोंगा आयकला मी," ते म्हणाले. "चांगला आयकला. पन म्हटलं, आपली पिशवी हाय ना लावलेली. दुसऱ्या लायनीवरची गाडी आसंल. म्हनून मी हललो नाय. नायतर सुटलो असतो. शंटरला इचारा, पिशवी दिसली कशी नाय त्याला?"

मग त्या फिटरने, अगदी मऊ आवाजात, सांगितलं, "तात्या, पिशवी खोलीत होती. बाकावर. लावायची राहिली तुमची."

"नाय रं."

"आम्ही सगळ्यांनी पाहिली तात्या."

तात्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांना वाटत असावं.

"भाऊ, व्हय? खोलीत व्हती?"

"हो," मी म्हणालो.

आणि ते खोटं नव्हतं. पिशवी खोलीत होती. त्या 'हो'मध्ये एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि मी आयुष्यात त्याहून मोठं खोटं बोललेलो नाही.

तात्यांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ते त्या दिवसाचा शोध घेत होते. पिशवी घेतली, चालत गेलो, दांडीला अडकवली. अडकवली ना? मग म्हणाले, "मला तर चांगलं आठवतंय." थोड्या वेळाने, "मंग ते आदल्या दिसाचं आसंल." वहिनीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. पाय गेला तो दिवस वेगळा. आमचे पहिले तात्या गेले ते दवाखान्यातल्या त्या खाटेवर, माझ्यादेखत.

तो डबा मीच दवाखान्यात वहिनीला नेऊन दिला होता. तिने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "घासबी नाय खाल्ला." मग तो बाहेर नेऊन रिकामा केला.

यार्ड लवकर पुढे सरकतं. तात्यांना बसायचं काम देऊ केलं होतं. ते काही दिवस येऊन बसले आणि मग नोकरी सोडून घरी गेले. ते का गेले ते मला ठाऊक आहे. यार्डात एक नवा वाक्प्रचार तयार झाला होता. कुणी पाना विसरला, टोपी विसरली, घरून चष्मा आणायचा राहिला, की म्हणायचे, "काय रे, तात्या झालास का?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. हसून म्हणायचे. एकदा तात्या दाराशी येऊन उभे असतानाच एकाने दुसऱ्याला म्हटलं. म्हणणाऱ्याने जीभ चावली. तात्या स्वतःच हसले आणि म्हणाले, "बरोबर हाय. मीच झालो तात्या."

जी मुलं आता येतात त्यांना तात्या कोण ते माहीत नाही. त्यांना वाटतं तो यार्डातला एक शब्द आहे.

पिशवीची रीत बंद झाली. आता प्रत्येकाला आपापलं कुलूप आहे. ते गाडीला लावलं की चावी आपल्या खिशात, गाडी हलूच शकत नाही. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ह्ये ब्येस केलं. पिशवीचं काय, मानूस इसरतो."

मी मात्र बढती मिळून सुपरवायझर झालो. नव्या मुलांना सुरक्षेवर चार शब्द सांगायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्याच वेळी साहेब म्हणाले, अनुभवातलं काहीतरी सांगा, पोरांच्या लक्षात राहतं. मी उभा राहिलो. माझ्या तोंडून काय आलं? "आमच्याकडे एक फार अनुभवी माणूस होते. एके दिवशी फक्त एकदा विसरले." पोरं शांत झाली. परिणाम होतो. म्हणून मी ते दर वेळी सांगतो. आता ते इतकं सरावाचं झालंय की सांगताना मला ते खरं वाटतं.

मी चामटोलीला जात राहिलो. बदलापूरला उतरून रिक्षाने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता प्लॉटच्या पाट्या आणि बंगल्यांची कुंपणं. आधी दर महिन्याला, मग जमेल तसं. जाताना फळं न्यायची, बसायचं, तात्या बोलतील ते ऐकायचं. सगळे म्हणतात, माणूस असावा तर असा. नोकरीतली मैत्री नोकरीपुरती असते, याने धरून ठेवली.

एकदा त्यांच्या कृत्रिम पायाचा चामड्याचा पट्टा तुटला. मी म्हटलं, मी करून आणतो. उल्हासनगरला चामड्याच्या पिशव्या शिवणारं एक सिंधी दुकान आहे, तिथे नेला. पेपरात गुंडाळून. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याने पेपर सोडला आणि पाय मांडीवर घेतला, जसा एखाद्या माणसाचाच घ्यावा.

"किसका है साईं? आपके बड़े भाई का?"

मी मान हलवली.

"कैसे हुआ?"

"गाडी के नीचे."

"अरे राम." त्याने पट्टा उलटापालटा केला. "चमड़ा अच्छा लगाता हूँ. जल्दी टूटेगा नहीं. आजकल भाई, भाई का कौन करता है? मेरे को देखो, मेरा भाई यहीं तीन नंबर कैंप में रहता है, दिवाली पे भी नहीं आता. आप पैर उठा के लाए." मग आतल्या मुलाला ओरडून म्हणाला, "देख, ऐसा होता है भाई." त्या मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. पट्टा होईपर्यंत बाहेरच उभा राहिलो.

पाय नसण्याची तात्यांना सवय झाली. सवय झाली नाही ती दुसऱ्या गोष्टीची. आपल्या डोक्यावर विश्वास टाकता येत नाही, असं त्यांनी धरून घेतलं. दाराला कडी लावली की परत जाऊन बघायचे, मग वहिनीला बघायला लावायचे. गोळी घेतल्यावर रिकामं पाकीट समोर ठेवून बसायचे. गावच्या पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह सोडायचं काम त्यांच्याकडे वडलांपासून होतं. पंचायतीत जाऊन त्यांनी ते सोडून दिलं. "माझ्यावर नको," म्हणाले, "मी इसरलेला मानूस हाय." ते एकदाही विसरले नव्हते. टाकी कधी भरून वाहिली नव्हती की कोरडी राहिली नव्हती. लोकांनी समजावलं. पण त्यांच्याजवळ पुरावा होता. एवढ्या मोठ्या पुराव्यापुढे टाकीचं काय चालणार?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

तात्यांची मुलगी बेलवलीला दिलेली आहे. नवरा कंपनीत शिफ्टवर. तिला मुलगी झाली. ती स्वतः ठाण्याला एका दुकानाच्या काउंटरवर होती आणि सुट्टी संपत आली होती. वहिनी सकाळी भाजी घेऊन बदलापूरच्या बाजारात बसते ती दुपारी येते. मधले तास पोरीला आजोबांनी सांभाळावं, इतकी साधी गोष्ट. पोर पाळण्यात असते, दूध बाटलीत, शेजारी माणसं. तात्या नाही म्हणाले. कुणी काही बोलायच्या आतच नाही म्हणाले.

मुलीने मला फोन केला. "काका, तुमचं ऐकतात ते. तुम्ही विचारा ना." मग थांबली. "त्यांना ती आवडत नाही का? मुलगी झाली म्हणून? ते तिला हातसुद्धा लावत नाहीत हो. आई घरात असेल तेव्हा लांबून बघत बसतात."

मी म्हटलं, तसं नाहीये गं. ती म्हणाली, "मग कसंय?"

रविवारी गेलो. मुलगी पोर घेऊन माहेरी आलेली होती. ओटीवर गोधडी अंथरून पोर निजवलेलं होतं, हातपाय उडवत होतं. तात्या भिंतीला टेकून बसलेले, मध्ये मुद्दाम ठेवावं तसं अंतर. वहिनी आत भांडी घासत होती आणि तात्या दर थोड्या वेळाने हाक मारत होते, "अगं, हायेस ना?" आतून आवाज, "हाये, कुठं जातेय?" पुन्हा, "हायेस ना?" पोर हसत होतं. तात्या त्याच्याकडे पाहून हसत होते, आणि हात मांडीखाली दाबून बसले होते.

मी म्हटलं, "तात्या, घ्या की जवळ."

"नको भाऊ." मग हळूच, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, "मी कुठं ठेवीन आन् इसरंन. गाडीखाली निजलो तरी इसरलो, मंग पोराचं काय? तिचा जीव हाय तो."

तेव्हा मी बोललो. ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून आलं.

"तात्या, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही पिशवी लावली होती. मी पाहिली होती दांडीवर. माझ्या डोळ्यांनी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि एक क्षण, खरंच सांगतो, त्यांचा चेहरा पूर्वीचा झाला. यार्डातला. चाकाखाली वाकताना मागे वळून बघणारा. मग त्यांनी विचारलं, अगदी साधं.

"मंग गेली कुठं?"

बस, एवढंच. त्या प्रश्नाला उत्तर तीन शब्दांचं होतं. मी गोधडीकडे बघत बसलो. पोराची मूठ उघडत मिटत होती. मुलगी दारात येऊन उभी राहिली. वहिनी हात पुसत तिच्या मागे.

तात्या वाट पाहत होते. मग त्यांनी पाहणं सोडलं. चेहरा परत आताचा झाला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "कावळ्यानं नेली म्हन." आणि हसले. "भाऊ, तू लई चांगला हायेस रं. पन माझ्या समाधानासाठी खोटं नको बोलूस. त्या येळेला तूच हो म्हनाला होतास. मला आठवतंय. तेवढं मात्र पक्कं आठवतंय."

मुलगी म्हणाली, "काका, निदान प्रयत्न केलात," आणि आत गेली.

अर्धं सांगण्यापेक्षा न सांगणं बरं होतं. आधी त्यांना एवढंच वाटत होतं की आपण विसरलो. आता त्यांना हेही वाटतं की भाऊसुद्धा आपली कीव करतो, खोटं बोलून आपल्याला थोपटतो. त्यांच्याकडे माझ्यावरचा विश्वास तेवढा उरला होता, तोही मी नेला.

निघताना वहिनीने नेहमीसारखा डबा हातात दिला. वालाचं बिरडं. इतक्या वर्षांत मी एकदाही तिथून मोकळ्या हाताने आलेलो नाही. "तुमच्यासाठी म्हनून मुद्दाम केलंय," ती म्हणते, "आमचे ह्ये सांगायचे ना, भाऊला लई आवडतं." पुढचं लिहायला लाज वाटते, पण सगळंच सांगायचं ठरवलंय. मी ते फेकत नाही. घरी येऊन खातो. चवीनं खातो. बायको म्हणते, यांच्या हाताला किती चव आहे ना, आणि मी हो म्हणतो.

महिन्याभरात मुलीने नोकरी सोडली. पाळणाघर लांब पडत होतं म्हणून. बापाशी ती आता तुटक बोलते. पोरगी रांगायला लागली आहे. ती तात्यांच्या दिशेने येते तेव्हा ते वहिनीला हाक मारतात.

इथे हे तुम्हाला सांगता आलं, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि तात्या पेपरापलीकडे काही वाचत नाहीत. म्हणजे हेही धाडस नव्हेच. पुढच्या रविवारी जाईन म्हणतो. मागच्या रविवारीही म्हटलं होतं. रिक्षात बसलो होतो, गावाच्या कमानीपाशी उतरलो, आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो.

तात्यांना मी एक वाक्य देणं लागतो. तुम्ही पिशवी लावली होती आणि ती मी काढली. त्यातला पहिला भाग दिला. दुसरा अजून दिलेला नाही.